रामय्याच्या नावानं

सखाराम ओसरीवर येऊन म्हणाला, "रामय्या गेला," तेव्हा मी हसलोच. म्हटलं, आता हे कुठलं नवं सोंग? पण सखाराम हसेना... लोणावळ्याच्या इस्पितळात सकाळीच तापानं गेला होता. जेमतेम पंचविशीचा पोरगा.

जपान्यांच्या बाँबनं रंगून पेटलं तेव्हा आईबापांना घेऊन तो पायी निघाला आणि एकटाच इकडे पोचला. भटकत आमच्या गावी, बेडशाला आला, माझ्या ओसरीवर शिवणयंत्र मांडून बसला. गाव त्याच्याकडून कपडे शिवून घेई, पण दोन शब्द बोलत नसे. मग आला शिमगा! आमच्याकडे धुळवडीला सगळे दारोदार फिरतात, घरधन्याची खोड काढून पालथी मूठ तोंडावर आपटत त्याच्या नावानं बोंब ठोकतात. त्यानं बाहेर येऊन सवाई उत्तर द्यायचं. परक्याचं नाव कोणी घेत नाही. माझ्या नावानं झाली, मंडळी पुढं निघाली, तसा हा पठ्ठ्या उडी मारून आडवा!

"आबा, माझी बोंब कुठाय?"

म्होरके धोंडीआबा गुरकावले, "तू गावचा न्हाईस. तुजी खोड आमाला काय ठावं?"

"ठाऊक नाही? जरा तंबाखू काढा बघू."

आबांनी कालच शिवून आणलेल्या नव्या बंडीच्या खिशाकडे हात नेला. हात आत जाईना! खिशाचं तोंड पठ्ठ्यानं बारीक टाके घालून बंद केलं होतं. सगळ्यांत आधी आबाच फुटले. "आरं भामट्या!" म्हणत हसता हसता त्यांनीच मूठ तोंडाला लावली. रामय्या कमरेवर हात ठेवून नवरदेवासारखा ऐकत होता. मंडळी गेल्यावर मला म्हणाला, "भाऊ, हे आईला कळायला हवं होतं." आणि यंत्रावर डोकं टेकलं.

त्यानंतर दरवर्षी त्याच्याही नावानं बोंब होई, आणि त्याचं उत्तर ऐकायला शेजारच्या वाड्यांची माणसं येत.

त्या दिवशी त्याला इस्पितळातून आणून बैलगाडीतून ओढ्याकाठच्या स्मशानात नेलं. मडकं फुटल्यावर बोंब मारायची ती मुलानं, नाहीतर भावाबंदानं. याचं कोण? तेवढ्यात धोंडीआबा पुढं झाले. "माजंच पोर हाय त्ये," म्हणाले, आणि पालथी मूठ त्यांनी तोंडाशी नेली. मागोमाग सगळ्या गावानं.

आवाज विरला. आता मागं न बघता घरी जायचं असतं. पण कोणी हलेना. आम्ही सगळे कान देऊन उभे होतो... सवयीनं, त्याच्या उत्तरासाठी.