मारायचं बटन

दिवसाला पंधरा-वीस मुंडकी कापायचे मी. शिक्रापूरच्या चौकात, हायवेला लागून असलेल्या पत्र्याच्या गाळ्यात, सकाळी दहापासून. कुणाचा फोटो लग्नातला, कुणाचा बँकेच्या पासबुकावरचा, कुणाच्या खांद्यावर बायकोचा हात. आधी बायको पुसायची, मग मानेपासून डोकं सुटं करायचं आणि दुसऱ्याच्या धडावर बसवायचं. फ्लेक्सच्या धंद्यात याला गुन्हा म्हणत नाहीत, डिझाइन म्हणतात.

धडाला आम्ही बॉडी म्हणायचो. कॉम्प्युटरमध्ये बॉडींचा एक फोल्डरच होता: जॅकेटवाल्या, हात जोडलेल्या, मोबाइल कानाला लावलेल्या. एखाद्याचा पूर्ण फोटो चांगला आला, शर्टाला कडक इस्त्री असली, की त्याचं काम झाल्यावर मुंडकं उडवायचं आणि बॉडी ठेवून द्यायची. नावं नाहीत, नुसते नंबर. लोक पासपोर्ट फोटो घेऊन येत, त्यामुळं एकेक बॉडी दहा-दहा जणांनी घातलेली असे, भाड्याच्या शेरवानीसारखी.

गाळा आप्पांचा होता. आप्पा जुने पेंटर. ट्रकच्या मागची कमळं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्स आला आणि त्यांचा ब्रश बसला. रडत बसण्याऐवजी त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि दौंडला डीटीपीचा कोर्स केलेल्या मला कामावर ठेवलं. मी डिझाइन करायचे, सीडी एसटीनं पुण्याला जायची, प्रिंट एसटीनंच परत यायची, आणि आप्पा ती लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ठोकायचे. तरी रोज दुपारी ते तासभर जुन्या पत्र्यावर अक्षरं काढत बसायचे.

"हात इसरतो, पोरी," म्हणायचे. "ह्यो हात हाय म्हणून म्या हाय."

मी दुपारचा तो तास गेमला द्यायचे. पोट फ्लेक्सवर होतं, जीव गेमवर. कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेलं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर होतं, त्यात दोन वर्षं मी एकच खेळ रचत होते. वरून दिसणारा एक चौक. मधे एक माणूस पडलेला, भोवती मारणारे, त्यांच्या भोवती बघणारे. खेळणारा त्या बघणाऱ्यांतला एक. चार दिशांचे चार बाण, बाकी कुठलीही कळ नाही. उभं राहिलात तर तुमच्या मागं माणसं येऊन थांबतात आणि मारणाऱ्यांना जोर चढतो. आत घुसलात तर मार तुम्हाला. निघून गेलात तर स्क्रीन काळी होते, आवाज तेवढा चालू राहतो.

गर्दी कशी हलवायची हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमचं घर राहू गावचं, आजोबांपर्यंत मेंढरं राखणारं, वडिलांच्या वेळेला शेतीला लागलेलं. कळपातलं मेंढरू पुढं बघत नाही, शेजारच्याकडं बघतं. तोच नियम मी माणसांना लावला आणि पहिल्याच दिवशी गर्दी इतकी खरी हलली की माझ्या अंगावर काटा आला.

पडलेला माणूसही मी बघितलेला होता. सातवीत असताना पाटसला, कारखान्याच्या रस्त्यावर. उसाच्या ट्रॉलीखाली एक बैल सापडला आणि लोकांनी ट्रॅक्टरवाल्याला खाली ओढला. आधी चपला, मग बैलगाडीच्या जोखडाचं लाकडी शिवळ. त्याचे दात रस्त्यावर पडलेले मी बघितले. माझ्या हातात उसाचं कांडं होतं, आणि ते संपेपर्यंत मी चघळत उभी होते. त्याचं पुढं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती लाज मला त्या गेममध्ये कुठंतरी ठेवायची होती.

गिऱ्हाइकं प्रिंटची वाट बघत बसायची तेव्हा मी त्यांना खेळायला द्यायचे. कंपन्यांतले बिहारी कामगार, रांजणगावला ड्यूटीला जाणारे, उसाचे बागायतदार, सगळे कीबोर्ड बडवून शेवटी एकच विचारायचे.

"दीदी, मारने का बटन कौन सा है?"

"ताई, मारायचं बटन कंचं?"

नाही म्हटलं की चेहरे पडायचे. मी मनातल्या मनात त्यांना जनावरं म्हणायचे. पुण्याच्या एका कंपनीतही सीडी घेऊन गेले होते. तिथल्या साहेबानं दोन मिनिटं बाण दाबले आणि विचारलं, "यात जिंकायचं कसं?" जिंकायचं नाही, म्हटलं. त्यानं चहा पाजून वाटेला लावलं.

मग तो वाढदिवसाचा फ्लेक्स आला. जवळच्याच एका गावचा पुढारी, फोटो पासपोर्टचा. दुपारच्या एसटीनं सीडी जायला हवी होती आणि मला गेममध्ये पावलांचे आवाज बसवायचे होते. सत्तेचाळीस नंबरची बॉडी ओढली: पांढरा शर्ट, जोडलेले हात. डोकं बसवलं, मानेचा रंग जुळवला, दहा मिनिटांत मोकळी झाले.

सत्तेचाळीस नंबर कुणाचा हे मला आठवायला हवं होतं, कारण ते मुंडकं मीच उडवलं होतं. पाच महिन्यांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीच्या भांडणात एका माणसाला उसाच्या फडात कोयत्यानं तोडला होता. त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी केला होता. धाकट्या भावानं चांगल्यातला चांगला फोटो शोधून आणला होता. मयताची उजवी करंगळी अर्धी होती, कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेली. आणि आता वाढदिवस ज्याचा होता, त्यानंच तो खून केला असं मयताच्या घरचे चारचौघांत बोलत होते.

फ्लेक्स लागला तो नेमका त्यांच्या आळीच्या तोंडावर. भावानं करंगळी ओळखली.

सकाळचे अकरा वाजले होते. मी रस्त्यापलीकडच्या टपरीवरून दोन ग्लास चहा घेऊन निघाले, तर गाळ्यापुढं जीप थांबलेली. भाऊ आणि तिघं जण. फाडलेला फ्लेक्स त्यानं धुळीतून ओढत आणला. आप्पा हातोडी घेऊन बाहेर आले.

"कुणी केलं ह्ये?"

आप्पांनी फ्लेक्स पाहिला. करंगळीवर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी रस्त्यापलीकडं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"म्या केलं," आप्पा म्हणाले.

त्यांनी उभ्या आयुष्यात माउसला हात लावला नव्हता.

"माझ्या दादाचं हात त्या खुन्याला जोडलं व्हय?" भाऊ रडत होता, शेंबूड पुसायचंही भान नव्हतं त्याला. "कंच्या हातानं केलं? ठेव हितं त्यो हात!"

तिघांनी आप्पांना उंबऱ्यापाशी दाबलं. उजवा हात दगडी पायरीवर धरला. हातोडी आप्पांचीच. पहिला घाव बसला तेव्हा ओली काटकी मोडावी तसा आवाज आला आणि आप्पा ओरडलेसुद्धा नाहीत, त्यांचा श्वासच अडकला.

ट्रक थांबले. कंपनीची बस थांबली. माणसं जमली, आणि मी त्यांच्यात उभी. पुढं काय होणार हे तिथं फक्त मला माहीत होतं, कारण ते मी दोन वर्षं बसून लिहिलं होतं. आत जायला हवं हेही माहीत होतं. पाय उचलला नाही. चहा बोटांवर सांडून बोटं भाजत होती आणि ग्लास हातातून सुटत नव्हते. दुसरा घाव बसला.

मग मी धावले. पण आप्पांकडं नाही. भिंतीला टेकवलेल्या चौकटीच्या पट्ट्यांकडं. टोकाला खिळा असलेली एक उचलली आणि भावाच्या कानशिलात घातली. तो वळला तशी तोंडावर घातली. ओठ फाटला, रक्त माझ्या ओढणीवर उडालं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. ट्रॅक्टरवाल्यापासून आत साठलेलं सगळं त्या हातात उतरलं होतं. तो खाली पडला तरी मी थांबले नाही.

"बाई हाणतीया आन् तुम्ही बघताय व्हय?" कुणीतरी ओरडलं, आणि अख्खी गर्दी आत आली. शेजारचा सरकला की आपण सरकायचं, माझाच नियम. तिघं जीप घेऊन पळाले. भाऊ तेवढा सापडला. बूट, चपला, सायकलचा पंप. एकानं दगड उचलला. तो गुडघे पोटाशी घेऊन "दादाचा हात काढा, दादाचा हात काढा" एवढंच म्हणत होता.

आणि त्या पायांतून आप्पा सरपटत आले. चेचलेला हात छातीशी धरून ते त्याच्या अंगावर आडवे झाले.

"सरा मागं! दुखात हाय पोरगं!"

लोक थांबायच्या आत चार-पाच तडाखे आप्पांच्या पाठीत बसले. त्यातला शेवटचा माझ्या पट्टीचा होता.

दोघांना एकाच टेम्पोतून दवाखान्यात नेलं. तक्रार कुणीच दिली नाही. भावाच्या डोक्याला आणि ओठाला टाके पडले, तो वाचला. आप्पांचा हात प्लास्टरमधून निघाला, पण अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना टेकेनात. ब्रश धरायला तीच दोन लागतात.

मी त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, "आप्पा, चूक माझी होती. तुम्ही कशाला नाव घेतलं?"

"ठावं हाय. करंगळी बघितली तवाच कळलं, पोरीचं ध्यान खेळात व्हतं." मग त्यांनी ती दोन बोटं पुन्हा टेकवून बघितली. "हातोडी दुखली, ती दुखंलच. तुझी पट्टी बी दुखली. पर म्या तुझं तोंड बघितलं तवा. लई खुशीत व्हतीस गं."

 

बॉडीचा फोल्डर मी त्याच दिवशी पुसला. पोटासाठी फ्लेक्स त्यानंतरही केले, पण ज्याचं डोकं त्याचंच धड. गिऱ्हाइकं कमी झाली, तरी आप्पांनी गाळा बंद केला नाही. डाव्या हातानं ते पत्र्यावर अक्षरं गिरवायला बसले, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी.

गेममध्ये मी एक कळ वाढवली, खालची लांब. ती दाबली की तुमचा माणूस पडलेल्याच्या अंगावर आडवा होतो. त्यानंही कुणी जिंकत नाही. ती दाबायचं बहुतेकांना सुचत नाही, ते दुसरंच काहीतरी शोधत कीबोर्ड बडवत राहतात.

"ताई, मारायचं बटन न्हाईच का ह्यात?"

"नाही," मी म्हणते. त्यांना जनावरं म्हणणं मात्र मी सोडून दिलं आहे.