मोठ्या दात्यांची करवत

आमच्या घरी दोन करवती होत्या. दोन्हींच्या दोन्ही टोकांना मुठी, दोघांनी मिळून ओढायच्या. एक बारीक दात्यांची, वाळल्या लाकडासाठी. दुसरी मोठ्या, फाकवलेल्या दात्यांची, ओल्या झाडासाठी. आंधळ्यानंबी चाचपून सांगावा इतका सोपा फरक. तरी मी चुकलो, आणि आज म्हातारपणी हे लिहितानाही मला स्वतःची चीड येते.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे थोरले भाऊ अण्णा आणि मी झाडं पाडायची कामं करायचो. आमच्या विधवा अक्काच्या घरावर जुनी चिंच झुकली होती. शेजारी आड खणल्यापासून तिची मुळं उघडी पडली होती. अक्का रोज सकाळी बुंध्याजवळची माती बघायची.

"भेग वाढायलीय रे," ती म्हणायची. "लेकरं घिऊन कुठं जाऊ मी?"

घराकडच्या फांद्या आम्ही उतरवल्या. आता बुंधा रानाकडं पाडायचा होता. पण मोठ्या दात्यांची करवत भालकीला लोहाराकडं धारेला दिलेली, आणि दिवस सोमवार. शंकराचा वार, आमच्यात त्या दिवशी बैल जुंपत नाहीत.

"उद्या गाडी जुंपून आणू," अण्णा म्हणाले.

"उद्या कामून?" मी म्हणालो. "घरात दुसरी हाय की. का झाडाचं भ्या वाटायलंय?"

खरं सांगतो, भालकी चार कोस. करवत खांद्यावर टाकून चालत आणता आली असती. माझ्या जिवावर आलं होतं, बाकी काही नाही. अण्णा सहसा माझं ऐकत नसत. त्या दिवशी अक्काच्या तोंडाकडं बघून ऐकलं.

रानाच्या बाजूला कुऱ्हाडीनं खाच घेतली आणि मागून बारीक करवत घातली. चार बोटं आत गेली न गेली तोच ती जड झाली. ओला भुसा दात्यांत बसायचा, बाहेर पडेना. निम्म्यात ती गच्च अडकली. वारा वाढला होता. वर शेंडा हलला की खाली माझ्या हातातली मूठ थरथरायची. मला भीती वाटली.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा."

"अर्धं कापल्यालं झाड लेकरांपाशी सोडायचं व्हय?" म्हणत ते पाचर ठोकायला मागं गेले.

तिसऱ्या घावाला बुंधा उभा फाटला. मागचा भाग उसळून त्यांच्या छातीवर आला. झाड रानातच पडलं. अक्काच्या घरावरच्या माळवदाची मातीसुद्धा हलली नाही.

मी बैल जुंपले. गाडीत अण्णांचं डोकं अक्काच्या मांडीवर होतं. वेशीबाहेर त्यांनी डोळे उघडले.

"सोमवार हाय," ते म्हणाले. "बैल सोड रे."

मी सोडले नाहीत. भालकीचा दवाखाना यायच्या आत ते गेले. परतताना लोहारानं आमची गाडी ओळखली आणि धार लावलेली करवत आणून दिली. पांघरुणाखाली कोण आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. मी ती घेतली आणि अण्णांच्या शेजारी ठेवली.