भाऱ्याची वाट

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट आहे. आमचं घर कळसूबाईच्या पायथ्याच्या वाडीत. अंगणात उभं राहिलं की शिखर समोर दिसायचं, पावसाळ्यात मात्र ढगात जायचं.

माझ्या बाळंतपणात मला ताप भरला आणि तो उतरेना. तेव्हा माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, अंगणातूनच डोंगरावरच्या देवीला हात जोडले. सून उठून बसली तर अनवाणी वर येऊन तुझी ओटी भरीन, असं बोलली. मी उठले. मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, आणि आत्याबाईंचे गुडघे मात्र बसत चालले. नवस तसाच राहिला. रात्री पाय चोळून देताना त्या म्हणायच्या, "यंदा न्हाई झालं तर मग न्हाईच व्हायचं, ग." माझ्यासाठी बोललेला नवस, त्यामुळे ते ऐकलं की मला घास गोड लागत नसे.

भाद्रपदात एकदा जेवताना विषय निघाला. मामंजी म्हणाले, नवरात्रात सगळी दुनिया जाते, तेव्हाच जाऊ, कातळाच्या वाटेनं, साखळी धरून. माझे मालक हो म्हणाले. मी भाकरी वाढत होते. त्या घरात येऊन मला सहा वर्षं झाली होती, पण मामंजींसमोर मी कधी आपणहून बोलले नव्हते.

पण नवरात्रातला कातळ मला माहीत होता. शेवाळ वाळलेलं नसतं, गवत छातीएवढं, खाली खड्डा आहे की दगड ते दिसत नाही. आम्ही बाया दिवाळीनंतर गवत कापायला वर जायचो. उतरताना डोक्यावर भारा असायचा. पुरुष कातळाच्या वाटेनं मोकळ्या हातानं चढतात, पण भारा त्या वाटेनं येत नाही, दोन्ही बाजूंना अडतो. म्हणून बायांची वाट वेगळी. लांबून वळसा घालते, पण रुंद आहे आणि चढ अंगावर येत नाही. वरच्या विहिरीपाशी दोन्ही वाटा एक होतात.

मी चुलीकडे तोंड करून म्हटलं, "मार्गशीर्षात गेलं तर बरं. गवत निघालेलं असतं. भाऱ्याच्या वाटेनं आत्याबाईंना जमंल."

मालक हसले. "त्या वाटेनं गवत येतं. मानसं न्हाईत."

आत्याबाई म्हणाल्या, "मग मी काय गवताच्या भाऱ्यापेक्षा जड हाय व्हय?"

मामंजींनी हात धुतले आणि उठताना एवढंच म्हणाले, "तुमी बाया जानत्या. ठरवा मग." ते रागावले की काय, ते मला कळलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी उजाडताच निघालो. आम्ही दोघी, मालक आणि मामंजी. मुलीला जावेपाशी ठेवलं होतं. हवा कोरडी, वाट मोकळी, सगळं मी सांगितलं होतं तसंच. आत्याबाई माझा खांदा धरून चालत होत्या आणि माझं मन हलकं झालं होतं.

पहिली टेकडी चढून कापलेल्या गवतात शिरलो आणि त्या थांबल्या. तळव्यातून रक्त येत होतं. कापलेल्या गवताचे खुंट वाळून सुयांसारखे उभे होते. मी किती विचार केला होता, पण अनवाणी पायांचा केलाच नव्हता. आम्ही बायाही तिथं अनवाणीच वावरायचो, आम्हाला कधी असं टोचलं नव्हतं. मालकांनी आपल्या चपला पुढं केल्या. आत्याबाईंनी पाय मागं घेतला. मामंजी शिखराकडे बघत म्हणाले, "फिरायचं का माघारी?" आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं.

तेवढ्यात माझ्याही पायात खुंट रुतला. तेव्हा लक्षात आलं. डोक्यावर वजन असलं की आपण पाय उचलून टाकत नाही, जमिनीला घासत पुढं सरकवतो. मग खुंट आडवा होतो, टोचत नाही. आज आम्ही मोकळ्या चालत होतो.

ओटीची पाटी माझ्याकडं होती, नारळ, खण, तांदूळ. मी म्हटलं, "आत्याबाई, पाटी डोक्यावर घ्या."

"आधीच पाय चालंना, त्यात वझं?" मालक म्हणाले.

पण आत्याबाईंना माझं म्हणणं कळलं होतं. त्यांनीही त्याच रानात पंचवीस-तीस वर्षं गवत वाहिलं होतं. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "दे हिकडं."

पाटी चढली आणि त्यांची मान ताठ झाली. पाय घासत, सावकाश, त्या माझ्यापुढं निघाल्या. गुडघे दुखत होते, ते मागून दिसत होतं. दर थोड्या अंतरावर बसावं लागत होतं. पण पाटी त्यांनी विहिरीपर्यंत कुणाला दिली नाही. शेवटच्या कातळावर मालकांनी खालून आणि मी वरून हात दिला.

वर वारा फार होता. आत्याबाईंनी ओटी भरली. त्या देवीशी काय बोलल्या ते वाऱ्यात ऐकू आलं नाही. मग खाली बसून त्यांनी माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि मालकांना म्हणाल्या, "आन आता त्या चपला. नवस वर येन्याचा हुता."

मालकांच्या मोठ्या चपला त्यांच्या पायात फटफटत होत्या. उतरताना विहिरीपाशी, दोन वाटा फुटतात तिथं, मामंजी उभे राहिले, माझ्याकडं वळले आणि विचारलं, "कुठून उतरायचं, सूनबाई?"

त्यांनी मला काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "आलो तिथूनच." या वेळी मी चुलीकडं तोंड करून बोलले नव्हते, आणि त्याचं माझं मलाच नवल वाटलं.