शिंगावरची गेरूची रेघ

माझ्या मेहुण्याइतकं विचारणारा माणूस सगळ्या उमरगा तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्यानं माझ्या दारात येऊ नये. एक पुरे आहे. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मुरूमजवळ राहतो, तीसेक शेळ्या राखतो, माणसांशी मराठीत बोलतो आणि शेळ्यांना कानडीत रागावतो. शेळी गाभण राहिली की तिच्या शिंगाला गेरूची रेघ ओढायची, हा त्याचा नेम. जनावरांचा डॉक्टर जंताचं औषध पाजायला आला की हा त्या रेघेवर बोट ठेवून उभा. "सायेब, हिला चालंल का? कितव्या म्हैन्यात चालंल? दुसरं हाय का?" डॉक्टर एकदा वैतागून म्हणाला, "अहो, शेळी आहे का सासू?" हा म्हणाला, "सासू असती तर इतकं इचारलं नसतं."

ही खोड शेळ्यांपुरती राहिली असती तर मी कशाला लिहायला बसलो असतो? पण गावात कुणाची सून पोटुशी आहे एवढं कानावर पडलं की झालं. कपाळाला बाम चालतो का, खोकल्याचा काढा चालतो का, झाडपाल्याचं औषध म्हणजे बिनधोक का, सगळं हा दवाखान्यात जाऊन नर्सबाईला विचारून येतो. बाईनं एकदा विचारलं, "मामा, पेशंट कुठंय?" "घरी हाय. तिला लाज वाटती, मला न्हाय."

यंदा माझी नात पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. आठवा लागलेला. तिला रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी. मी म्हणालो, पोटुशीला कसल्या गोळ्या? तुझ्या आज्जीनं पाच लेकरं बिनगोळीची काढली. दोन दिवस बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी तिची कंबर धरली, तेव्हा मी माझा डबा काढला. माझ्या गुडघ्याची गोळी मी अर्ध्या गल्लीला दिलेली आहे, आजवर तक्रार नाही. नात पाण्याचा तांब्या घेऊन बसली, तोच दारात मेहुणा.

"दाजी, ह्ये काय?"

"दुखायची गोळी. मी रोज खातो."

"तुमाला कितवा म्हैना?"

नात हसली. मला हसू आलं नाही. त्यानं माझ्या पुढ्यातला डबा उचलला आणि शेळीला दटावावं तसं मला म्हणाला, "ब्याड!" म्हणजे कानडीत नको. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, त्याच्याच घरात! मी सांगितलं, पुन्हा माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस. तो जागचा हलला नाही. नातीला म्हणाला, "पोरी, फाईल घे. आदी इचारू." मीही दवाखान्यात गेलो, खरंखोटं करायला.

डॉक्टरीणबाईंनी माझी गोळी हातात घेऊन पाहिली. शांतपणे म्हणाल्या, असली गोळी या दिवसांत बाळाच्या काळजाला, किडनीला त्रास देऊ शकते, पोटातलं पाणी कमी करू शकते. फार दुखलं तर चालणारी मी लिहून देते. मग विचारलं, "थायरॉईडची चालू आहे ना?" नातीनं माझ्याकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "ती मनानं बंद करायची नाही. बाळालाही तिची गरज असते. गोळी सुरू करायची असो की थांबवायची, आधी विचारायचं." म्हणजे द्यायची ती मी बंद केली होती आणि बंद ठेवायची ती देत होतो. मेहुणा वरच्या पंख्याकडं बघत बसला होता. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

घरी आल्यावर त्यानं माझ्या डब्याच्या झाकणावर गेरूची रेघ ओढली. फाईलवरही ओढायला निघाला, तर नात म्हणाली, "मामाआजोबा, मी काय शेळी हाय का?"

"शेळी असतीस तर काळजी नव्हती," तो म्हणाला. "शेळीला आजा नसतो."

नातीला मुलगी झाली. दोघी धडधाकट आहेत. लेकरू मी आधी मेहुण्याच्या मांडीवर दिलं. तो बराच वेळ काही विचारायचं विसरला.

त्याला स्वतःचं मूल नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोला तिसरा महिना होता आणि ताप भरला. मुरूमच्या बाजारातून गोळ्यांची पुडी मीच आणली होती. "दे हिला, उतरंल," म्हणालो होतो. आठवड्यात पोट पडलं. तापानं का गोळीनं, कुणाला सांगता आलं नाही. पुढं कधीतरी त्याच्या शेळ्यांच्या शिंगाला गेरू दिसायला लागला.

सगळ्या जगाला विचारत फिरणाऱ्या या माणसानं इतक्या वर्षांत मला एवढं एक विचारलं नाही, की दाजी, त्या पुडीत काय होतं. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? मीही दुकानदाराला विचारलं नव्हतं.