मोठ्या आईचा एपिसोड आणि दोन रेकॉर्डर

टीव्ही रेकॉर्डर कार्यक्रम किती साठवतो माहीत नाही. आमच्या घरात त्यानं किस्से मात्र भरपूर साठवले!

मी परदेशात शिकून जालन्याला परतलो, तोच मोठ्या आईची, म्हणजे माझ्या काकूची, लोकल केबलच्या पाककृतीच्या कार्यक्रमात निवड झाली. शूटिंग झालं. एपिसोड एकदाच लागणार, नेटवरही टाकणार नाहीत.

"मी टीव्हीत कशी दिसते ते मला पुन्हापुन्हा बघायचंय!" मोठी आई म्हणाली.

मी छाती ठोकली, "रेकॉर्डर घरीच बनवतो. आपल्या हातचं तंत्रज्ञान!"

*

जुन्या कॉम्प्युटरला चॅनेल पकडणारं ट्यूनर कार्ड लावलं, दोन पंखे बसवले. मशीन घरघरायला लागलं. मोठे बाबा, म्हणजे काका, आंघोळ करून आले, ओला टॉवेल त्याच्यासमोर वाळत घातला अन् म्हणाले, "कूलर झकास केलास. पाणी कुठून टाकायचं?"

*

पहिल्या चाचणीत चॅनेल चुकला. तासभर नुसता निळा पडदा रेकॉर्ड झाला. मोठ्या बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला!

"अहो, बंद करायचा ना!" मोठी आई म्हणाली.

"मला वाटलं, आता काहीतरी होईल."

*

मोठी आई घाबरली. मला घेऊन थेट नवीन जालन्यात, शेठजींच्या टीव्हीच्या दुकानात. तिथंही मी सुरू, "विकत कुणीही घेतं, शेठजी. स्वतः बनवण्यात स्वातंत्र्य आहे!"

शेठजींनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बिलकुल बराबर, भैया. मंग बूट बी घरीच शिवले का?"

आम्ही रेकॉर्डर घेऊन आलो.

*

या विकतच्या रेकॉर्डरवर चालू मॅच थांबवता यायची. मोठे बाबा मॅच थांबवून निवांत चहा प्यायले. तेवढ्यात गल्लीत फटाके वाजले. हे खिडकीतून ओरडले, "अरे थांबा! इथं अजून दोन ओव्हर बाकी हायेत!"

*

शेवटी लावायचा कोणता? मी घरच्यासाठी भांडतोय, मोठे बाबा विकतच्यासाठी. मोठ्या आईनं निकाल दिला, "दोन्ही लावा! एकानं दगा दिला तर दुसरा हाय."

*

एपिसोडच्या दिवशी सगळे राजूरला गेलो. आधी गणपतीला नारळ, मंग मावशीकडे टीव्ही. नेमकी तिथली लाइट गेली! पण फिकीर कुणाला? घरी दोन-दोन रेकॉर्डर!

परतलो, तर दोन्ही बंद. मी वायरी तपासून राह्यलो होतो, तेवढ्यात मोठ्या बाबांनी दाराशेजारचा मेन स्विच गुपचूप वर केला. गावाला जाताना तो बंद करायचा, हा त्यांचा जन्माचा नियम.

एपिसोड कशातच नव्हता. मोठी आई आत गेली. मला वाटलं, रडायला. ती शूटिंगची साडी नेसून आली, आम्हाला ओट्यासमोर ओळीनं बसवलं अन् गॅस पेटवला.

"नमस्कार मैत्रिणींनो! आज आपण करू या ज्वारीचं धपाटं!"

मोठे बाबा खालमानेनं पाणी प्यायला उठले.

"बसा! जाहिरात लागली न्हाई अजून!"

ते बसले. तिनं तव्यावरचं धपाटं झोकात पलटलं.

मोठे बाबा हळूच म्हणाले, "हे बघायचं राहिलं. जरा मागं घेतीस का?"

मोठ्या आईनं धपाटं पुन्हा होतं तसं केलं. अन् पुन्हा पलटलं!