देवळातला उन्हाचा ठिपका

माझे सासरे गावच्या महादेवाचे पुजारी. सगळा गाव त्यांना स्वामी म्हणतो, आम्ही घरचे आप्पा. लग्नाचा मुहूर्त असो, वास्तुशांत असो, लोक त्यांच्याकडंच येतात. आप्पा चष्मा पुसतात, पंचांग उघडतात आणि सांगतात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं तेव्हा मंडपावर पत्रे टाकले होते, ते अजून तसेच होते. एका पत्र्याचा खिळा निघाला होता आणि त्या भोकातून दुपारी लिंबाएवढं ऊन फरशीवर पडायचं.

मी बीएस्सी करून या घरात आले आणि भाकरी थापत बसले, म्हणून असेल, मला नसत्या गोष्टी वाचायची हाव. मोबाईलवर वाचलेलं एकदा आप्पांना सांगितलं. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीत एक पाद्री होता. देवाचंही करायचा आणि सूर्यही मोजायचा. त्यानं चर्चच्या उंच भिंतीत भोक पाडलं, खाली ऊन पडेल तिथं खुणा केल्या आणि कॅलेंडराचे दिवस चुकलेत हे दाखवून दिलं.

"म्हंजे त्येंचं बी देऊळ गळत हुतं म्हण की!" आप्पा पोट धरून हसले.

हसले खरे, पण त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. दोन दिवसांनी संक्रांत आली. बरोबर साडेबाराला त्यांनी उन्हाच्या मधोमध ठिपका लावला, दाराला देऊन उरलेल्या हिरव्या रंगाचा. पुढच्या संक्रांतीला ऊन फिरून ह्याच ठिपक्यावर येतं का, ते बघायचं ठरलं. मधल्या दर सोमवारी एक ठिपका.

माणूस सत्तरीत असा खुळावलेला मी पहिल्यांदाच बघितला. साडेबाराला कुणी मुहूर्त विचारायला आलं तर "जरा दम धर" म्हणायचे. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, नेमकी सोमवारी आली. अख्खा गाव शेतात जेवायला गेलेला, आम्ही आंबील-भज्जी पुढ्यात घेऊन पांढऱ्या फटफटीत उन्हात बसलेलो, आणि आप्पांचा पत्ता नाही. दीड वाजता बांधावरून येताना दिसले, हाताला हिरवा रंग. सासूबाई म्हणाल्या, "आलं बगा सूर्यनारायन!" मला मात्र त्यांचा इतका लळा लागला होता की मी आधी त्यांचंच ताट वाढलं.

पावसाळ्यातले काही सोमवार आभाळात गेले होते, तेवढ्या जागा रिकाम्या राहिल्या होत्या. तरी फरशीवर इंग्रजी आठाचा आकडा उमटला होता, सहा-सात हात लांब. फक्त वरचं तोंड उघडं होतं. ते संक्रांतीला मिटणार होतं.

तेवढ्यात देवळाच्या कमिटीनं ठरवलं, पत्रे काढून स्लॅब टाकायचा, शिवरात्रीच्या आत. आप्पा पडले पुजारी, गावासमोर कसं बोलणार? दोन दिवस नीट जेवले नाहीत. माझं डोकं सणकलं. मी थेट अध्यक्षांच्या घरी गेले आणि म्हणाले, "तीस वर्षं गळलं तवा कुणाला घाई नव्हती. संक्रांत होऊ द्या, दुसऱ्या दिवशी खुशाल काढा. एक दिवस जास्त मागणार न्हाय." अध्यक्ष कबूल झाले. त्यांना सिमेंट भिजवायला पुरेसे दिवस हवे होते, तेवढे उरत होते.

संक्रांतीला पहाटेपासूनच माकणीच्या धरणाकडून आभाळ भरून आलं. बायका सुगडी घेऊन आल्या, पण त्यांचंही लक्ष पत्र्याकडं. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. फरशी तशीच मलूल. पाऊण वाजता अध्यक्ष म्हणाले, "स्वामी, लावून टाका ठिपका. ऊन तिथंच पडनार हुतं, कुनाला ठावं न्हाय?" बायकांनीही माना डोलावल्या. मीच डबी उघडली, काडी रंगात बुडवून आप्पांच्या हातात दिली.

आप्पांनी काडी परत डबीत ठेवली. "म्या बघितलं न्हाय."

"मग उद्या बघू," मी म्हणाले. "एका दिवसानं कितीसं सरकतंय? मिस्त्रीला मी सांगते, पत्रे दुपारनंतर काढा."

"आन् तू दिलेल्या शब्दाचं काय?"

मला रडूच कोसळलं, सगळ्या बायकांसमोर. वर्षभर जपलेलं, आणि आभाळाला आजचाच दिवस सापडला. आप्पा माझ्याजवळ येऊन बसले. पाठीवर हात ठेवला, जो त्यांनी आजवर कधी ठेवला नव्हता.

"पोरी, जन्मभर दुसऱ्यानं छापलेलं लोकांना वाचून दावलं. खरंखोटं ज्येचं त्येला ठावं. ह्ये एवढंच म्या माज्या डोळ्यानं बघितलेलं हाय. ह्येच्यात एक बी ठिपका खोटा नगं."

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, मिस्त्रीला फोन लावला आणि उद्या सकाळी लवकर या म्हणून सांगितलं.