मॅनेजरविरुद्ध वर केलेला हात

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. तीनदा वही घेऊन बसलो आणि तीनही वेळा आमच्या फुटबॉल टीमचा इतिहास लिहून उठलो. कोणी कधी किती गोल घातले, ग्राउंडाची भिंत कोणत्या पावसात पडली, सगळं आलं. माझ्याबद्दल एक ओळ आली नाही. आता शहात्तर पूर्ण झाली आहेत. आज भिंतीबद्दल काही लिहिणार नाही.

मी तंजावरचा. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ अशा घरातला. देवनागरी येते ती वडिलांनी पाटीवर गिरवून घेतली म्हणून, आणि टपालखात्यात असताना आठ वर्षं सोलापुरात काढली म्हणून. माझ्या मुलांना मराठी बोललेलं कळतं, लिहिलेलं वाचता येत नाही. ग्राउंडावरच्या एकालाही हे वाचता येणार नाही. म्हणजे कबुली देतानासुद्धा मी आडोसा शोधलाच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

टीम मोठी नव्हती. जिल्ह्याच्या लीगमध्ये वरच्या गटात कशीबशी टिकून असलेली. खेळाडूंत कोणी वीजखात्यात, कोणी शाळेत, एकजण ओरत्तनाडूहून स्कूटरवर येणारा. पण मॅचच्या दिवशी ग्राउंडाच्या पायऱ्या भरायच्या. निवृत्त झाल्यापासून मी एकही मॅच चुकवली नव्हती.

मॅनेजर पापनाशमचे. शाळेत ड्रिल मास्तर होते, निवृत्तीनंतर त्यांनी टीम हातात घेतली. तेही मराठीच. आमच्याकडे मराठी माणसाला नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे ‘रावजी’. ग्राउंडावर दोन रावजी झाले, म्हणून ते ‘मॅनेजर रावजी’ आणि मी ‘पोस्ट रावजी’. वयानं ते माझ्याहून चार वर्षांनी लहान. बायको गेलेली, घरी मुलगा आणि सून. प्रॅक्टिसचे दोन दिवस आणि मॅचचा एक, असे आठवड्यातून तीनदा ते बसनं तंजावरला यायचे. एकदा मला म्हणाले, “ही टीम नसेल तर मी सकाळीं उठून दाढी कशाला करूं, सांगा बघूं?” ते हसत म्हणाले होते. मला ते पक्कं लक्षात राहिलं, आणि लक्षात असूनही पुढचं सगळं घडलं.

प्रॅक्टिस संपली की आम्ही दोघं ग्राउंडापासून जुन्या बसस्टँडपर्यंत चालत जायचो. वीस मिनिटांचा रस्ता. बोलणं मराठीत. आजूबाजूला कोणाला कळत नसल्यामुळे आम्ही मोठ्यानं बोलायचो, ज्याच्याबद्दल बोलतोय तो शेजारून सायकलवर जात असला तरी.

त्याआधीच्या मोसमात आम्ही गोल पुष्कळ घातले होते आणि त्याहून जास्त खाल्ले होते. खालच्या गटात जाता जाता वाचलो. नवा मोसम सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी बसस्टँडवर उभं असताना त्यांनी विचारलं, “तुम्हीं असतां तर काय केलं असतं?”

या प्रश्नाची मी चाळीस वर्षं वाट पाहत होतो. मी आयुष्यात कधी धड बॉलला लाथ मारलेली नाही. पायरीवर बसून बघितलं, एवढंच. पण मनातल्या मनात मी किती टीम उतरवल्या होत्या! समोर उभ्या असलेल्या बसच्या मागच्या काचेवर धुळीचा थर होता. त्यावर बोटानं मी अकरा ठिपके काढले. पाच मागे, चार त्यांच्या पुढे, एकटा फॉरवर्ड, आणि गोलरक्षक.

“आणि कॅप्टनला बाकावर बसवा,” मी म्हणालो.

“त्याला?” ते दचकले. कॅप्टन आमचा जुना फॉरवर्ड, पायऱ्यांवरच्या लोकांचा लाडका. “लोक चिडतील हो.”

“पस्तिशी ओलांडली त्यानं. पुढें धांवतो, परत येत नाहीं. चिडले तर दोन महिने चिडतील. मग आपल्याला खांद्यावर घेऊन नाचतील.”

‘आपल्याला’ म्हणालो होतो मी. बस सुटली आणि माझे ठिपके कुंभकोणमच्या दिशेनं निघून गेले. पुढच्या आठवड्यात टीमची यादी लागली. ती ठिपक्यांप्रमाणेच होती.

पहिली मॅच शून्य-शून्य. मी पायरीवर ताठ बसलो होतो. दुसरीही शून्य-शून्य. तिसऱ्या मॅचला एका गोलनं हरलो, तेव्हा शिव्या सुरू झाल्या. चौथ्या मॅचला लोक आमच्याच मॅनेजरला पाहून ओरडायला लागले. माझ्या शेजारचा कापडदुकानदार म्हणाला, “रावजी, हा माणूस झोपला की काय?” मी नुसतं “हं” केलं. तो हुंकार माझ्या तोंडून इतक्या सहज निघाला की मलाच आश्चर्य वाटलं.

त्या संध्याकाळी चालताना मॅनेजरांनी विचारलं, “बदलायचं काय?”

“टिकून राहा,” मी म्हणालो. “आतांच बदललं तर घाबरलात म्हणतील.”

ते टिकून राहिले. आणखी दोन मॅच.

डाव बरोबर होता की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. गोल फार थोडे खाल्ले हे खरं, पण घातला एकच, तोही समोरच्या टीमच्या बॅकच्या गुडघ्याला लागून गेलेला. मी त्या आठवड्यांत घरात स्वस्थ बसू शकत नव्हतो. वर्तमानपत्र उघडायचो, मिटायचो. मोबाइलवर पायऱ्यांच्या ग्रुपमध्ये मेसेज यायचे, त्यांत मॅनेजरांचा फोटो कासवाला चिकटवलेला. तो मी दिवसातून दहादा बघायचो आणि एकदाही काही लिहायचो नाही.

मग ग्रुपवर निरोप आला. टीमची कमिटी म्हणाली होती की पायऱ्यांचं मत काय ते कळवा, त्याप्रमाणे ठरवू. आमच्या ग्राउंडावर असं पूर्वीपासून चालत आलेलं. मोठा प्रश्न आला की ग्राउंडातल्या चिंचेखाली जमायचं, बोलायचं, हात वर करायचे. रविवारी सकाळी दहा वाजता पन्नासेक माणसं जमली. पुढाकार मोपेड दुरुस्त करणाऱ्याचा. ग्रुपही त्याचाच.

“आपण फुटबॉल बघायला येतो की सुकत घातलेला भात राखायला?” त्यानं सुरुवात केली. “सगळे अकरा जण गोलापाशी उभे! पाखरं हाकलतायत जणू!”

“गेल्या वर्षी सहा-सहा खाल्ले ते विसरलास का रे?” एक जुना शिक्षक म्हणाला.

“खाल्ले सार, पण तीन घातले तरी! आता गोलचा शंख वाजवायला एक कारण आहे का? माझा शंख घरी बायकोनं फडताळात ठेवलाय.”

“कबड्डीला पाठवा मॅनेजरला. तिथं मागे सरकायचं बक्षीस मिळतं.”

“अहो, मुलगे नवे आहेत. मोसम अर्धा आहे. वेळ द्या की माणसाला.”

“वेळ दिलाच आहे. नव्वद-नव्वद मिनिटं देतोय दर आठवड्याला!”

मॅचच्या दिवशी ग्राउंडावर सुंडल, म्हणजे उकडलेले हरभरे, विकणारी बाई ही कॅप्टनची थोरली बहीण. ती टोपली बाजूला ठेवून उभी राहिली. “माझ्या भावाला बाकावर बसवला. का बसवला ते त्याला एका शब्दानं सांगितलं नाही. बारा वर्षं खेळला तो या टीमसाठी. लंगडत घरी यायचा, मी पाय शेकायची. त्याला कारण तरी सांगा. हा मॅनेजर कोणाचं ऐकून हे करतोय?”

कोणाचं ऐकून! मी चपलेचा बंद नीट करायला वाकलो.

मत अर्धं-अर्धं होतं. म्हाताऱ्यांना मोसम पुरा होऊ द्यावा असं वाटत होतं, तरुणांना नाही. तेवढ्यात मोपेडवाला माझ्याकडे वळला. “पोस्ट रावजींना विचारायलाच नको. आपल्या माणसाची बाजू सोडतात का ते? दोघांचं मराठीत चाललेलं असतं रोज. काय हो, आम्हाला शिव्या घालता ना?”

सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. पण आमच्यासारख्यांना ती चेष्टा कुठं लागते ते आमच्यासारख्यांनाच ठाऊक. साडेतीनशे वर्षं इथं राहून, जेवणखाण इथलं करून, एका वाक्यात आपण अचानक ‘त्यांचे’ होतो. टपालखात्यातही मी असाच वागलो होतो. मराठी घरातला कोणी कारकून आला की त्याच्याशी इतरांपेक्षा जरा कडकच वागायचं, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको.

मी उठलो. अजून वेळ होता. “डाव माझा आहे, कॅप्टनला बसवा हे मी सांगितलं,” एवढंच म्हणायचं होतं.

मी तमिळमध्ये म्हणालो, “आम्ही घरचं बोलतो, दुखणीखुपणी. टीमबद्दल मी त्यांच्याशी कधी बोलत नाही. आणि माझं मत विचाराल तर मॅनेजर बदलावा. मराठी असो की कोणी असो.”

टाळ्या पडल्या. कापडदुकानदारानं माझ्या पाठीवर थाप मारली. मोपेडवाला म्हणाला, “ऐकलंत? त्यांचे रावजीच म्हणतायत!” आणि हात वर करायला सांगितलं. तो जुना शिक्षक माझ्याकडे बघत बघत हात वर करू लागला. त्याच्यामागून बाकीचे म्हातारेही. माझा हात त्यांच्या आधी वर गेला होता.

तेव्हाच फाटकातून मॅनेजर आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कुठून तरी कळलं असावं आणि सकाळची बस धरून आले असावेत. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. ते चिंचेपाशी थांबले आणि वर झालेले हात पाहत राहिले. लोकांनी एकेक करून हात खाली घेतले. कॅप्टनच्या बहिणीनं विचारलं, “सार, माझ्या भावाला बसवा हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही, अम्मा,” ते तमिळमध्ये म्हणाले. “टीम मी निवडतो. चूक माझी. मी त्याला सांगायला हवं होतं.”

मग ते माझ्याकडे वळले. माझा हात अजून वरच होता. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते मराठीत हळू म्हणाले, “हात उतरवा आतां. मोजून झालं.”

“काय म्हणाले?” मोपेडवाल्यानं मला विचारलं.

“नमस्कार म्हणाले,” मी म्हणालो.

ते परत गेले. त्या दिवशी बसस्टँडपर्यंत त्यांच्यासोबत कोणी चाललं नाही.

नवा मॅनेजर आला, कॅप्टन परत खेळायला लागला, त्यानं एक सुंदर गोलही घातला आणि पायऱ्यांवर शंख वाजला. मी टाळ्या वाजवल्या. मोसमाच्या शेवटी आम्ही खालच्या गटात गेलोच. तेव्हा लोकांनी नव्याला शिव्या दिल्या. मी मॅचच्या दिवशी जागा बदलून बसायला लागलो, कधी या टोकाला, कधी त्या. कुठंच बसवेना.

पाच-सहा महिन्यांनी मी पापनाशमला गेलो. बसमध्ये सगळं घोकून ठेवलं होतं. दुपारची वेळ. ते टीव्हीवर परदेशातली कुठली तरी जुनी मॅच बघत होते. दाढी चार दिवसांची वाढलेली. मला पाहून खुर्ची ओढली. टीव्हीवर प्रेक्षकांनी मोठा कापडी फलक धरला होता, मॅनेजरला हाकला म्हणून.

“बघा,” ते म्हणाले, “इथेंही तेंच. काढावा म्हणतां कीं ठेवावा?”

त्यांनी ते मला टोचायला विचारलं की सवयीनं, हे मला कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती उत्सुकता दिसत होती.

“ठेवावा,” मी म्हणालो.

“हं,” ते म्हणाले. टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, “ग्राउंडावर माझ्याबद्दल कोणी विचारतात काय?”

“विचारतात की,” मी म्हणालो. कोणी विचारत नव्हतं.

तेवढ्यावर त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी टीमबद्दल पुष्कळ विचारलं, उजव्या बाजूला कोण खेळतो, गोलरक्षकाचा खांदा कसा आहे. मी सगळ्याची उत्तरं दिली. घोकलेलं वाक्य दोनदा जिभेवर आलं. पहिल्यांदा त्यांची सून काही विचारायला आली. दुसऱ्यांदा कोणीही आलं नाही, खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि तरी मी बोललो नाही. चारच्या बसनं परत आलो.

त्यानंतर तीन-चार वेळा फोन केला. पाऊस, गुडघे, मुलांच्या बदल्या. एकदा त्यांनी फोन उचलायच्या आधीच मी बंद केला.

दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर त्यांचा फोटो आला, हार घातलेला. मोपेडवाल्यानं खाली लिहिलं होतं, ‘चांगला माणूस’. मी तेराव्याला गेलो. त्यांच्या मुलानं मला पुढं बसवलं आणि आपल्या मुलांना सांगितलं, “हे पोस्ट रावजी. अप्पा म्हणायचे, खेळ कळणारा ग्राउंडावर हा एकच माणूस.” मी मान हलवली आणि पानावरचं सगळं जेवलो. त्यांच्या मुलालाही मी काही सांगितलं नाही.

आता कळतं की पापनाशमच्या त्या खोलीत मराठीत बोलूनही ते पुरं झालं नसतं. ती माफी तमिळमध्ये मागायची होती, चिंचेखाली उभं राहून, मोपेडवाला, जुना शिक्षक आणि कॅप्टनची बहीण ऐकत असताना, मॅनेजर फाटकातून आत येत होते तेव्हाच. तिथं मी म्हणायला हवं होतं की टीमला मागे खेळवा हे मी सांगितलं, कॅप्टनला बसवा हे मी सांगितलं, बदलायचं का असं यांनी विचारलं तेव्हा टिकून राहा म्हणणाराही मीच. हात वर करताना मला हे सगळं ठाऊक होतं. मॅनेजर रावजी, मला क्षमा करा.